हुद्दा

लाल बावटा टेकडीवर चढला
की शेळ्या खालच्या अंगाला आणायच्या,
हे आमच्या पाड्यावर रांगत्या पोरालाही ठाऊक.
बावटा उतरला की डोंगर पुन्हा आमचा.
त्या दिवशी उतरला होता.
गवतात काहीतरी चकाकलं
आणि माझा बाप, सोमा बेंडकोळी,
ते तळहातावर तोलून
पितळेचा भाव आठवत होता.

पुढचं मला आवाजाने आठवत नाही, वासाने आठवतं.
करपलेलं गवत, आणि टोमॅटोचा टेम्पो,
ज्यात क्रेटांवर आडवं घातलं त्याला.
ड्रायव्हर म्हणाला, नाशिक तासभर,
देवळाली कॅम्पातलं मिलिटरीचं दहा मिनिटं.
घेतील का?
न घेऊन सांगतात कुणाला, दार तर वाजवू.

पहाऱ्यावरच्या जवानाने कार्ड मागितलं.
आईने रेशनकार्ड दिलं,
घरातून पळताना हाताला लागलेला तेवढाच कागद.
त्याने तो उलटसुलट पाहिला,
मग टेम्पोत पाहिलं,
आणि बांबू वर गेला.

आत फरशी अशी
की आईने चपला काढून हातात घेतल्या.
टेबलामागचा हवालदार रजिस्टर उघडून,
नंबर? रँक? युनिट?
आई म्हणाली, शेळ्या राखतो.
तो आत वळून ओरडला,
"साब, सिव्हिलियन है, सिव्हिलियन!"

आईला ऐकू आलं, सिव्हिल.
त्र्यंबक रोडचं सिव्हिल,
जिथल्या व्हरांड्यात तिचा भाऊ दोन रात्री पडून होता
आणि तिसरी त्याला लागलीच नाही.
तिने बूट धरले हवालदाराचे.
सिव्हिलला नका धाडू हो, वाटेतच सरेल.
तो गढवालकडचा कुठला, त्याला वाटलं बाई पैशाचं म्हणते.
"पैसा नहीं लगेगा, माताजी, नहीं लगेगा!"
आई आणखी रडू लागली.
तो आणखी मोठ्याने सांगू लागला.
या गोंधळात स्ट्रेचर केव्हाच आत गेलं होतं.

मग मेजरीणबाई आल्या, मास्क हनुवटीखाली,
मिझोरामच्या, असं नंतर कळलं.
त्यांनी आईला खांद्याला धरून उठवलं.
मराठीतला एकच शब्द यायचा त्यांना.
म्हणाल्या, "बसा."
आई बसली.

रक्त द्यायला पोरं आली, मैदानातून थेट,
पांढऱ्या बुटांना लाल माती.
त्यातला एक कोपराशी कापूस दाबून
माझ्या शेजारी बाकावर टेकला.
कसं झालं, त्याने विचारलं.
मी टेकडीकडे बोट केलं.
तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला.
त्याच्याच तोफेचा असेल तो गोळा, नसेलही.
रक्त दिल्यावर मिळालेला बिस्किटांचा पुडा
त्याने फोडला, अर्धा मला दिला.
मी बारा वर्षांची होते आणि सकाळपासून उपाशी.
खाल्ला.

तीन बोटं गेली, अंगठा राहिला.
अठरा दिवस.
मोठे साहेब फेरीला आले की
सगळे जवान खाटेवर पडल्यापडल्या सावधान व्हायचे.
पाचव्या दिवसापासून बापही व्हायचा,
बँडेजचा गठ्ठा मांडीला चिकटवून,
श्वाससुद्धा कवायतीत.

सुटीचा कागद रेशनकार्डाच्याच पिशवीत आहे.
हुद्द्याच्या रकान्यात एक आडवी रेघ.
वाचता येत नाही त्याला,
पण पाव्हण्यारावळ्यांना दाखवतो,
बोट बरोबर त्या रेघेवर ठेवून.

तोफा सुरू झाल्या की फडताळात भांडी किणकिणतात,
आणि तो डाव्या हाताने
उजवीकडची नसलेली बोटं खाजवतो, हवेत.
फौजेला पोटभर शिव्या घालतो.
दुसऱ्या कुणी घातल्या तर मात्र
ताट तसंच ठेवून उठतो.

बावटा उतरतो. शेळ्या ओढ घेतात.
तो सोडत नाही लगेच.
एक बिडी पेटवतो,
ती पुरी संपू देतो,
मग थोटूक बोटभर दूर फेकून
पुन्हा एकदा टेकडीकडे बघतो.